भिंतीवरच्या पाटीला पाय नकोत

आमच्या घरात 'टॅबलेट' या शब्दाचा अर्थ गेली पंधरा वर्षं एकच होता. सकाळची साखरेची, दुपारची रक्तदाबाची आणि 'झोपताना अर्धी'. २०२४ च्या दिवाळीत आमच्या थोरल्या चिरंजीवांनी अमेरिकेहून येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर आणखी एक टॅबलेट पाठवली. (की पाठवला? मराठीच्या मास्तरला आधी लिंगाचाच प्रश्न पडतो. गोळी असेल तर 'ती' आणि यंत्र असेल तर 'तो', असा तोडगा मी काढला आहे.)

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तक्रार कंपनीबद्दल नाही. तक्रार कल्पनेबद्दल आहे. यंत्राबरोबर एक बैठक आली होती. त्या बैठकीतच स्पीकर. तिच्यावर यंत्र टेकवून ठेवलं की ते चार्जही होतं आणि घराचा फलकही बनतं. म्हणजे मोठ्या आकड्यात घड्याळ, हवामान, नातवंडांचे फोटो, औषधाच्या वेळेची घंटा, तोंडी हुकूम, सगळं त्यावर. उचलून हातात घेतलं की साधा टॅबलेट. चिरंजीव फोनवर म्हणाले, "आबा, एकात दोन! आईची औषधं पण लक्षात राहतील आणि तुम्हाला पेपर पण वाचता येईल. किती प्रॅक्टिकल आहे बघा."

या 'प्रॅक्टिकल' शब्दाशी माझं भांडण आहे. पुरेसे दिवस वापरून, पुरेसा त्रास सोसून मी हे लिहितो आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, टॅबलेटचा सगळा उपयोग तो हलतो यात आहे आणि घरच्या फलकाचा सगळा उपयोग तो हलत नाही यात आहे. हे दोन्ही गुण एका वस्तूत कोंबले की त्यातला एक रोज मरतो, आणि कुठला मरेल ते आपल्या हातात राहत नाही.

आता कुणी म्हणेल, म्हातारा यंत्राला घाबरला. तसं नाही. विजेचं बिल मी फोनवरून भरतो. हा लेखही मीच टाइप करतो, दोन बोटांनी का होईना. मळ्यात धाकट्याने विहिरीच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. पूर्वी रात्री दोनला लाईट आली की पोराला बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून विहिरीवर जावं लागायचं. आता घरातून फोन लावला की मोटर सुरू! पण त्या स्टार्टरकडे नीट बघा. पेटीत पक्का बसवलेला, त्याचं स्वतःचं सिमकार्ड, आणि काम एकच. तो काढून कुणी त्यावर सिनेमा बघत नाही. आमच्या भागात द्राक्षवाल्यांनी जे जे यंत्र खरोखर स्वीकारलं, ते असं आपल्या जागी बसणारं आहे.

सवय जात नाही म्हणून व्याकरणाने सांगतो. द्वंद्व समास तीन प्रकारचा. 'आईबाप' म्हणजे आई आणि बाप, हा इतरेतर द्वंद्व. 'खरेखोटे' म्हणजे खरे किंवा खोटे, हा वैकल्पिक. आणि 'चहापाणी' म्हणजे चहा, पाणी वगैरे, हा समाहार. जाहिरात आपल्याला या यंत्राचा विग्रह 'टॅबलेट आणि फलक' असा करून दाखवते. घरी आल्यावर कळतं की विग्रह 'टॅबलेट किंवा फलक' असा आहे. आणि महिनाभराने कळतं की तो समाहार आहे. वायफाय, त्या वायफायसाठी इन्व्हर्टरवर वेगळी जोडणी, कुणाच्या तरी नावाचं खातं, त्या खात्याचा पासवर्ड, वगैरे वगैरे. यातलं 'वगैरे' सगळ्यात महाग पडतं.

आता घडलेली गोष्ट सांगतो. ती सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

आमच्या हिला रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. यंत्र येण्यापूर्वी आमची पद्धत अशी होती : स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला कालनिर्णय, आणि रोजच्या चौकोनात पेन्सिलीच्या दोन रेघा. सकाळची गोळी झाली की एक, रात्रीचं इंजेक्शन झालं की दुसरी. रेघ मी ओढायची, तिने बघायची. बारा वर्षं हे चाललं. चिरंजीवांनी ते सगळं यंत्रात घालून दिलं. साडेसातला घंटा वाजायची, पडद्यावर सूचना यायची आणि 'झालं' वर बोट लावलं की हिरवी खूण. छानच होतं. मी कालनिर्णयवर रेघा ओढायचं सोडून दिलं. कशाला दोन-दोन ठिकाणी, असं म्हटलं.

मार्च २०२५. धाकट्याची मुलगी, आमची नात, तेव्हा नववीला. वार्षिक परीक्षा जवळ आलेली. बीजगणिताचे व्हिडिओ बघायला तिने यंत्र बैठकीवरून उचललं आणि माडीवर नेलं. त्यात तिचं काय चुकलं? ते उचलण्यासाठीच तर बनवलं आहे! साडेसातला घंटा वाजली ती माडीवर, तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये. गणिताच्या मध्ये सूचना आडवी आली, तिने ती बाजूला करायला 'झालं' वर बोट लावलं. खाली आम्ही दोघं टीव्हीसमोर. आठच्या सुमाराला ती यंत्र खाली ठेवून गेली. मी पाहिलं, हिरवी खूण. म्हटलं, झालं वाटतं. हिला वाटलं, घंटा वाजली नाही म्हणजे वेळ झाली नसावी. दोघंही जेवलो.

सकाळी मशीनवर साखर तीनशेच्या वर. डॉक्टर ओळखीचे आहेत. रागावले नाहीत, पण एक वाक्य बोलले ते डोक्यात बसलं आहे. म्हणाले, "सर, एक चुकलं हे नशीब समजा. झालं की नाही या गोंधळात दोनदा घेतलं असतं तर रात्रीत साखर उतरली असती." नात दोन दिवस आजीच्या अंगाला चिकटून रडत होती. तिला मी सांगितलं आणि इथेही लिहून ठेवतो : चूक तिची नव्हती. चूक माझी होती. मी रेघ ओढायचं सोडलं आणि ज्याला पाय आहेत अशा वस्तूवर भरवसा ठेवला. आमची ही तर त्या दिवसापासून त्याला 'पळपुटं' म्हणते. "अवो, ते पळपुटं आज कुठं हाय बघा!"

ही गोष्ट आमच्या एकट्याच्या घरची वाटत असेल तर २०२० आठवा. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि मुलांची शाळा घरातल्या फोनवर आली. बहुतेक घरांत फोन एक, आणि तो वडिलांचा. म्हणजे तीसुद्धा 'एकात दोन' वस्तूच की! वडील मळ्यात गेले की शाळा मळ्यात जायची. वडिलांना व्यापाऱ्याचा फोन आला की मराठीचा तास बंद. मी तेव्हा निवृत्त होतो, पण गल्लीतली चार पोरं ओसरीवर अंतर ठेवून बसवत होतो. त्यांच्याकडून रोज हेच ऐकत होतो. फोन वाईट नव्हता, बापही वाईट नव्हता. एका वस्तूवर दोघांची हक्काची कामं होती, इतकंच. आणि अशा ठिकाणी हरतो तो घरातला लहान किंवा म्हातारा.

चिरंजीवांनी यावर उपाय सुचवला. "आबा, वेळापत्रक करा. संध्याकाळी सात ते आठ कुणी उचलायचा नाही." आता आमच्या कवठे महांकाळ तालुक्यातल्या माणसाला पाळीचं महत्त्व शिकवायला नको. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या तासावर वाटून घेतल्यात आमच्या आज्या-पणज्यांनी. पुढे म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी आलं तेही आवर्तनानेच. पण पाण्याची पाळी का चालते? कारण एकदा पाजलेलं पाणी मातीत राहतं, पुढच्या पाळीपर्यंत पीक तग धरतं. घड्याळाची पाळी लावता येते का? 'सोमवारी घड्याळ भावाकडे, मंगळवारी माझ्याकडे' असं कुणी केलंय? भिंतीवरच्या गोष्टीकडे माणूस ठरवून बघत नाही, जाता-येता नजर जाते. नजर जाईल तेव्हा वस्तू तिथे असलीच पाहिजे. दहातल्या नऊ वेळा असणारी वस्तू तर जास्त धोक्याची, कारण नऊ वेळांनी विश्वास बसतो आणि दहावी वेळ घात करते.

दुसरा मुद्दा मालकीचा. टॅबलेट ही खाजगी वस्तू आहे, डायरीसारखी. घरचा फलक सार्वजनिक, देवळातल्या फळ्यासारखा. आमच्या यंत्रात खातं घातलं होतं सूनबाईंच्या नावाचं. मग हळदीकुंकवाला बायका जमलेल्या असताना पडद्यावर तिच्या माहेरचा निरोप झळकला. फार काही नव्हतं त्यात, पण तिचा चेहरा पडलेला मी पाहिला. खातं बदलून माझं केलं, तर नातीला तिचे धडे मिळेनात. कालनिर्णयला कुणाचंच खातं लागत नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं, तेव्हापासून त्याच्या चौकोनात दुधाचा हिशेब आहे, गॅस कधी लावला ते आहे, कुणाचं बाळंतपण कधी ते आहे. सासू लिहिते, सून वाचते, दूधवालाही बघून जातो. पासवर्ड म्हणजे खिळा!

शिवाय भाषा. गूगलच्या सहायकाला फोनवर मराठी आली २०१८ साली, अॅलेक्सा हिंदी शिकली २०१९ साली. चांगली गोष्ट आहे. फोनवर मी मराठीत बोलून शोधतोही. पण आमचं हे बैठकीवरचं यंत्र मराठीला दाद देईना, म्हणून ते हिंदीवर ठेवलं. मग आमची ही त्याच्याशी कवठ्याच्या हिंदीत बोलायची, "ए, लाईट कब आनेवाली हाय?" त्याला कळायचं नाही, आणि हिला वाटायचं आपलंच चुकलं. घरातल्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात परभाषेत विचारावं लागावं, याला मी सोय म्हणत नाही.

आणि लाईट गेली की? यंत्राला बॅटरी आहे, ते चालू राहतं. पण बैठकीला बॅटरी नाही, म्हणून मोठा आवाज गेला. वायफाय गेलं, म्हणून हवामान आणि फोन गेले. उरलं काय, तर फोटो आणि घड्याळ. इतक्यासाठी दोनशे रुपयांचं भिंतीवरचं घड्याळ होतंच की. उलट लाईट असताना ते दिवसरात्र चार्जवर. असल्या लिथियमच्या बॅटऱ्या सतत पूर्ण भरलेल्या आणि तापलेल्या राहिल्या की लवकर म्हाताऱ्या होतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आमचा एप्रिल-मे तर तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे फलक म्हणून जितकं इमानाने उभं करावं, तितकं टॅबलेट म्हणून त्याचं आयुष्य कमी. पुन्हा तोच वैकल्पिक द्वंद्व!

हा अनुभव फक्त खेड्यातला समजू नका. ही कल्पना मोठमोठ्या कंपन्यांनी करून पाहिली आहे. अॅमेझॉनने २०१८ साली आपल्या फायर टॅबलेटसाठी अशी बैठक काढली. लेनोव्होने २०१९ साली स्पीकरच्या बैठकीसकट टॅबलेट काढले. गूगलने जून २०२३ मध्ये 'पिक्सेल टॅबलेट' विकायला काढला तो डॉकसकटच, ४९९ डॉलरला. त्या डॉकचा स्पीकर टॅबलेट वर ठेवलेला असेल तरच बोलतो. टॅबलेट उचलला की खाली उरतो तो मुका ठोकळा. आणि पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, गूगलने तोच टॅबलेट डॉकशिवाय ३९९ डॉलरला विकायला सुरुवात केली. म्हणजे दोघांची ताटातूट खुद्द जन्मदात्यानेच केली. मी फक्त तेच इथे सांगतो आहे, थोडं उशिरा.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर तो वकिली कावा होईल. या यंत्राने एक फार मोठं काम केलं. हिच्या हाताला कंप आहे, फोन धरवत नाही. बैठकीवरच्या त्या मोठ्या पडद्यावर ती वाती वळत, लसूण सोलत अमेरिकेतल्या नातवाशी अर्धा-अर्धा तास बोलते. त्याला मराठी येतं ते तेवढ्यामुळे. मी ते नाकारणार नाही, आणि कुणी ते काढून घ्यायला आलं तर मीच आडवा पडेन. पण नीट बघा, यातसुद्धा उपयोग कशाचा झाला? यंत्र एका जागी उभं होतं याचा. ज्या दिवशी ते माडीवर गेलं त्या दिवशी नातवाचा फोनही माडीवरच वाजला.

आमच्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून त्या गावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, की टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा वाजतो, मग चालू. दीड तास पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी बोलायचं. देशभर त्याचं कौतुक झालं. लोक म्हणतात, बघा, गावाने पडद्यावर बंदी घातली. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. गावाने त्यासाठी प्रत्येकाच्या फोनमध्ये अॅप टाकलं नाही. गावाचा एक भोंगा लावला, जो कुणाच्या मालकीचा नाही, कुणी घरी नेऊ शकत नाही, आणि सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येतो. सामाईक कामाला सामाईक वस्तू. शाळेत घंटा असायची ती याचसाठी. हेडमास्तरांचं मनगटी घड्याळ कितीही भारी असलं तरी ते हेडमास्तरांबरोबर गावाला जायचं. घंटा तिथेच टांगलेली राहायची.

मग करायचं काय? ज्यांना मुलं परदेशातून किंवा पुण्याहून असं काही पाठवू पाहत आहेत, त्यांच्यासाठी माझा अनुभवाचा सल्ला. घराला पडदा हवाच असेल तर बिनपायाचा घ्या. गूगलचा नेस्ट हब भारतात २०१९ साली आला, अॅमेझॉनचे इको शोही मिळतात. त्यांना बॅटरीच नसते, वायर काढली की बंद. लोक याला उणीव म्हणतात, मी गुण म्हणतो, कारण ते माडीवर जाऊ शकत नाहीत. मुलांना अभ्यासाला टॅबलेट हवा तर वेगळा, साधा, त्यांच्या नावाचा घ्या. दोन वस्तूंना पैसे नसतील तर आधी लेकरांचा टॅबलेट घ्या, फलकाचं काम भिंत करते. आणि औषधाची नोंद, मग ती कितीही हुशार यंत्रात असो, कागदावरही ठेवा. तिथे 'झालं' म्हणायला माणसाला स्वतःच्या हाताने रेघ ओढावी लागते, आडवी आलेली सूचना झटकून ती खूण होत नाही.

चिरंजीवांना हे सगळं मी फोनवर सांगितलं. जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आबा, मला वाटलं मी तिथं नाही तर निदान ते तरी असेल." त्याच्या या वाक्याला माझ्याकडे व्याकरणातलं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की आपल्याकडे साडेसात म्हणजे तुझ्याकडे सकाळचे नऊ-दहा, चहाच्या वेळेला मिनिटभर आईला विचारत जा, घेतलंस का म्हणून. आठवड्यातले चार दिवस तरी फोन येतो. तीन दिवस चुकतो. म्हणून रेघ आहेच.

यंत्र आता रीतसर नातीचं झालं आहे. तिची दहावी त्याच्यावरच चालली. बैठक शोकेसमध्ये आहे, तिच्यावर हिने विणलेला रुमाल टाकला आहे. नातवाशी बोलायला पोरीने तो रविवारी खाली आणून उभा करायचा, असं ठरलं आहे आणि ती आणतेही.

कालनिर्णयच्या खिळ्याला मी पेन्सिल दोऱ्याने बांधून टाकली आहे. बारा वर्षांत ती किती वेळा पळाली होती, ते मला माहीत आहे.